छत्री कुणी बांधली?

दारातून आधी दोन लांबलचक पाय आत आले, मग पांढऱ्या रेशमाचा एक मोठा ढीग आला, आणि त्या ढिगावरून दोन ओशाळलेले डोळे डोकावले.

"हे... आपोआप उघडलं."

धाकटीने हातातली वाळूची पिशवी टेबलावर ठेवली. घरी तीन बहिणींत ती शेवटची, आणि या खोलीतही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून दोन्हीकडे ती धाकटीच.

"आपोआप? की समोर दिसली ती कडी धरून उचललीत?"

"मला वाटलं, उचलायची कडी तीच."

"ती विमानातून उडी मारल्यावर ओढायची असते."

"कळलं ना आता," तो म्हणाला. "सगळ्या तुकडीसमोर कळलं. वाऱ्याने मला अर्ध्या मैदानापर्यंत फरपटत नेलं. मास्तर म्हणाले, शाबास, विमानाशिवाय उडणारा तू पहिलाच."

धाकटीला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. तोही मग हसला... आणि हसताना रेशमाचा अर्धा ढीग हातातून निसटून जमिनीवर सांडला.

युद्ध पेटायच्या आधी त्या जागी घोड्यांच्या शर्यती होत. मग एका महिन्यात घोडे गेले आणि पिवळी विमानं आली. हवाई दलाची शाळा भरली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली वर्ग सुरू झाले, तबेल्यांत मिस्त्री इंजिनं उघडून बसले, आणि तिकिटांच्या खिडक्यांतून पोरांना गणवेश मिळू लागले. दर चार महिन्यांनी पन्नास-साठ जणांची तुकडी यायची, उडायला शिकायची आणि लढाईवर निघून जायची. एका उंच छपराच्या खोलीत हवाई छत्र्यांचं काम चाले. छत्री छताला टांगून वाळवायची, लांब टेबलावर पसरायची, एकेक पाकळी घडीत बसवायची, घडी हलू नये म्हणून वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, दोऱ्या ओळीने ओवायच्या. शेवटी कार्डावर बांधणारीने सही करायची. पिशव्या मोजून परत ठेवायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी बांधलेली छत्री पुन्हा उघडायची. सहा जणी होत्या तिथे, त्यांत धाकटी आणि तिच्या शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली. त्यांच्यावर मावशी. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण तिचा धाक सख्ख्या मावशीपेक्षा जास्त होता.

मास्तरांनी त्या लंबूला शिक्षा दिली: आठ दिवस, रोज दुपारी उड्डाण संपल्यावर, छत्र्यांच्या खोलीत हमाली. तुकडीतली पोरं त्याला बगळा म्हणत. नाव इतकं चपखल बसलं होतं की मावशीनेही पहिल्याच दिवशी हाक मारली, "ए बगळ्या, ती शिडी आण."

"शिडी कशाला मावशी? मीच आहे की," म्हणत त्याने नुसता हात वर करून छत्री काढून दिली.

टेबलाच्या एका टोकाला धाकटी, दुसऱ्या टोकाला तो. त्याने दोऱ्या ताणून धरायच्या, तिने घड्या घालायच्या.

"इतकं हळू?" एकदा त्याने विचारलं.

"तुम्ही घाईघाईत उतरता ना, म्हणून मी सावकाश बांधते."

"कुणी सांगितलं, मी घाईत उतरतो?"

"सगळी शाळा सांगते. चेंडूसारखे तीन टप्पे खाता म्हणे."

"दोन," तो गंभीरपणे म्हणाला. "तिसरा टप्पा विमानाचा होता, माझा नाही."

तिचे वडील शिंपी होते. त्यांची नजर मंदावल्यापासून घरातलं बारीक काम तिच्याच हातात आलं होतं, म्हणून तिची बोटं अशी चालत. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे चूप बसून कुणाच्या बोटांकडे बघत राहायची त्याला लहानपणापासून सवय होती... असं निदान तो म्हणाला. आठव्या दिवशी शिक्षा संपली. नवव्या दिवशी तो दारात हजर.

"आता काय उघडलं?" मावशीने विचारलं.

"काही नाही. सवय लागली."

मावशीने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं. "दोऱ्या धर," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात तो पहिल्यांदा एकटा उडाला. तोवर धाकटीने मान वर करून कधी विमान बघितलंच नव्हतं. आवाज यायचे, जायचे, हाताखालचं काम चालू राहायचं. त्या दिवशी ती खिडकीत गेली. पिवळा ठिपका मैदानावरून गोल फिरला, खाली आला, एकच टप्पा खाल्ला आणि थांबला. खिडकीची चौकट आपण किती घट्ट धरली होती ते तिला हात सोडल्यावर कळलं.

आणि तिथून सगळं बिनसलं. त्याची छत्री टेबलावर आली की तिची बोटं अडखळू लागली. घडी घातली, मोडली. दोऱ्या ओवल्या, उसवल्या. पिशव्या तीनदा मोजल्या. इतरांच्या चार छत्र्या व्हायच्या तेवढ्या वेळात त्याची एक होईना. एक दिवस शेवटची दोरी ओवताना तिचा हात इतका थरथरला की तिने सगळं तिथेच टाकलं आणि मावशीपुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, त्यांची छत्री दुसऱ्या कुणाकडे द्या."

"का गं?"

धाकटीने थरथरणारा हात पुढे करून दाखवला. 

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "देते. चष्मेवालीकडे देते. थरथरत्या हाताने बांधून वर खोटी सही केली असतीस, तर मी तुला घरी पाठवलं असतं."

बगळ्याला हे कळलं ते कार्डावरून. सही वेगळी होती. संध्याकाळी फाटकापाशी धाकटी सायकल हातात धरून निघाली होती, पावसाची बारीक भुरभुर चालू होती. तो आडवा आला.

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग छत्री...?"

"काम वाटून दिलेलं असतं." तिने खाली बघतच उत्तर दिलं.

"म्हणजे माझंच काम नेमकं नकोसं झालं."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं... पण खरं सांगायचं तर काय सांगायचं? तुमचा जीव माझ्या हातात पेलवेना, असं? तिने सायकलवर टांग मारली. त्यानंतर तो खोलीकडे फिरकला नाही.

बारा दिवसांनी, भर सकाळी, मैदानावरची घंटा वाजायला लागली. सगळे बाहेर धावले. पलीकडच्या शेतांवर एक पिवळं विमान काळा धूर सोडत खाली येत होतं.

"आत कोण आहे?" मावशीने ओरडून विचारलं.

"बगळा! एकटाच आहे!" कुणीतरी ओरडलं.

 विमानातून काहीतरी काळं सुटलं, दगडासारखं खाली आलं... आलं... आणि मग पांढरं फूल उमललं. चष्मेवालीने धाकटीचा दंड असा आवळला की पुढे आठवडाभर तिथे वळ होता.

विमान रिकाम्या शेतात पडलं. बगळा बैलांच्या पाण्याच्या डबक्यात पडला. पाय मुरगळला, भुवई फुटली, बाकी सहीसलामत.

ज्याचा जीव छत्रीने वाचेल त्याने ती बांधणारीला भेट द्यायची, असा तिथला रिवाज होता. तिसऱ्या दिवशी तो काठी टेकत, चॉकलेटचा डबा घेऊन आला. धाकटीकडे न बघता सरळ चष्मेवालीपुढे गेला.

"तुमचे उपकार फार झाले."

"माझे एकटीचे कुठे?" चष्मेवाली फटकळ होती. "अर्धा डबा हिला द्या. तुमची छत्री माझ्या टेबलावर आली की ही बाई हातातलं काम टाकून माझ्या मानगुटीवर उभी. ही पाकळी नीट आहे का, ती दोरी बघ, पिशव्या पुन्हा मोज. अहो, माझ्या सासूने मला एवढं छळलं नाही!"

खोलीत हसण्याचा कल्लोळ झाला. धाकटीचे कान लाल झाले. ती मागच्या दाराने बाहेर पडली, आणि थोड्या वेळाने काठीचा टक टक आवाज तिच्यामागे आला.

"एवढी काळजी होती, तर स्वतः का नाही बांधलीत?"

"हात थरथरत होता." ती भिंतीकडे बघत म्हणाली. "फक्त तुमच्याच छत्रीला."

त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "आणि मी बारा दिवस मास्तरांच्या शिव्या खात होतो, डोकं ठिकाणावर नाही म्हणून... वेडी आहेस तू."

'तू' म्हणाला. दोघांनाही ते एकदमच ऐकू आलं. तिने वळून बघितलं. त्याच्या भुवईवरची पट्टी सुटून लोंबत होती. तिने हात वर केला आणि ती नीट चिकटवली. हात जराही थरथरला नाही.

पाय बरा होताच त्याची तुकडी निघाली. लॉरीपाशी ती म्हणाली, "पत्रात उडण्याबद्दल लिहायचं नाही. मला झोप लागणार नाही."

"मग काय लिहू?"

"काय जेवलात ते लिहा."

त्याने वचन पाळलं. वर्षभर पत्रं येत राहिली, आणि त्यांत उकडलेले बटाटे, करपलेला पाव, पाणचट सूप, आणि एकदा तर नुसतीच कच्ची गाजरं. युद्ध कुठवर आलंय ते धाकटी त्यावरून ओळखायची. वडिलांची नजर मंद, म्हणून घरी आलेली पत्रं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची रीत होती. शेवटच्या दोन ओळी मात्र ती नेहमी गाळायची.

मग युद्ध संपलं. शाळेतली विमानं एकेक करून उडून गेली, छत्र्या खोक्यांत भरून रवाना झाल्या. मावशीने सहाही जणींना मिठी मारली आणि वळून रडली. मैदानावर पुन्हा घोडे आले. धाकटी वडिलांच्या दुकानात काज करायला बसली.

एका सकाळी दुकानाच्या दाराला डोकं आपटलं. उंच माणूस होता.

"कोट शिवायचाय," तो म्हणाला.

आतल्या पडद्यामागे धाकटीच्या हातातली सुई थांबली.

वडिलांनी गळ्यातली टेप काढली. "कसला कोट?"

"लग्नाचा. म्हणजे... मुलीच्या वडिलांना विचारायचं राहिलंय अजून."

"मग विचारा की. कोट शिवून झाल्यावर विचारणार?" वडिलांनी त्याचे हात उचलून आडवे धरायला लावले, छातीभोवती टेप घेतली आणि डोळे बारीक करून आकडा वाचू लागले. "बटाटे खाऊन काही अंग भरलेलं दिसत नाही."

पडद्यामागे काहीतरी खळकन खाली पडलं. बगळा हात पसरून तसाच पुतळ्यासारखा उभा होता.

"अहो, श्वास सोडा," वडील म्हणाले. "माप चुकेल. आणि मी काही 'नाही' म्हटलेलं नाही."