मनकर्णाबाईचा पुकारा

हे घडलंय. जसंच्या तसं घडलंय.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला मंगळवार होता आणि दुपारचे साडेबारा वाजले होते. जागा, पिशोरच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवरचं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही. यातली माणसं अजून तिथंच राहतात, आणि चांगली ताठ मानेनं फिरतात.

गयासभाई सरकारी मोजणीदार. घर औरंगपुऱ्यात, नोकरी तालुक्याच्या कचेरीत. सव्वीस वर्षं शेतं मोजलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टींना हसायचे.

त्या दिवशी मोजायची होती सिलिंगची तीन एकर.

पन्नास वर्षांपूर्वी सरकारनं एका मोठ्या बागायतदाराची जास्तीची जमीन काढून घेतली आणि भूमिहीनांना वाटली. त्यातली तीन एकर मनकर्णाबाई नावाच्या मजूर बाईला मिळाली. मिळाली म्हणजे कागदावर. ताबा पावतीवर तिचा अंगठा घेतला आणि साहेब लोक जीपमध्ये बसून गेले. दुसऱ्या दिवसापासून बागायतदारानं तिला बांधावरून खाली पाय टाकू दिला नाही.

ती रोज त्या बांधावर येऊन उभी राहायची. चाळीस वर्षं. शेवटी म्हातारी होऊन गेली, पण त्या मातीला तिचा पाय लागला नाही.

आता तिची नात लंका लढत होती. मोजणीचा अर्ज तिचाच. मोजणी झाली तर ताबा मिळणार. नाही झाली तर अर्ज निकाली, विषय संपला.

बागायतदाराचा मुलगा कारभारी यानं सगळा बंदोबस्त केला होता. लंकाला आलेली मोजणीच्या तारखेची नोटीस तिच्या हातात पडूच दिली नाही. आंब्याखाली सतरंजी टाकली. गयासभाईंसाठी मुद्दाम पिशोरहून हलाल मटण आणवलं. काय ती काळजी!

"साहेब, लई काय करायचं नाय," कारभारी म्हणाला. "अर्जदार गैरहजर, येवढंच लिवा."

गयासभाईंना सगळं कळत होतं. तरी जेवले. बोटं चाटून जेवले. सांगताना किळस येते, पण जेवले.

मग पंचनामा काढला. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं. 'तीन वेळा पुकारा केला, अर्जदार गैरहजर.' हे वाक्य सगळे लिहितात. पुकारा कोणीच करत नाही.

त्या दिवशी मात्र त्यांचं मन खात असावं.

"एकदा आवाज देऊनच टाकतो," ते म्हणाले. "उद्या कोणी बोलायला नको."

सातबारा समोर धरला आणि त्यावरचं नाव वाचलं. चूक झाली ती इथंच. वारसाची नोंद कधी झालीच नव्हती, त्यामुळं सातबाऱ्यावर लंकाचं नाव नव्हतं.

"मनकर्णाबाई हजर आहेत काय?"

कारभारी खो खो हसला. पंच म्हणून बसवलेले त्याचे दोन चुलतभाऊही हसले.

"साहेब, ती तर कवाच मेली! बोलवा, बोलवा. कोण येतंय बघू!"

गयासभाईंनाही हसू आलं. गंमत म्हणून त्यांनी दुसरा पुकारा केला.

आणि...

शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालू होता. चालूच होता. धूळ उडत होती, चाकं फिरत होती.

आवाज नव्हता.

पाखरांचाही नाही. वाऱ्याचाही नाही.

"बास करा, साहेब," कारभारी हळूच म्हणाला.

पण तिसरा पुकारा तोंडातून निघून गेला होता.

बांधावरून उत्तर आलं...

"हाय की, बाबा. इथंच हाय."

बांधावर कोणी नव्हतं.

मग एक ढेकूळ फुटलं. बांधाच्या अगदी खाली. त्यापुढचं फुटलं. मग त्यापुढचं... नांगरलेल्या रानात अनवाणी पायांचे ठसे एकामागून एक उमटत चालले. घाई नाही, गडबड नाही.

ठसे सरळ गेले. वळले. पुन्हा वळले. तीन एकरांना चारी बाजूंनी फेरी घालून जिथून निघाले तिथं येऊन थांबले. गयासभाईंच्या मांडीवर जुना नकाशा उघडा होता. हद्द तीच होती. एक पाऊल इकडं नाही, एक पाऊल तिकडं नाही.

त्यांच्या दातांत काहीतरी कचकचलं. थुंकले.

माती होती.

"लिवा, साहेब," कारभारी त्यांच्या हातात पेन कोंबत म्हणाला. "लौकर लिवा."

आणि गयासभाईंनी लिहिलं. कानांनी ऐकलं, डोळ्यांनी बघितलं, आणि तरी लिहिलं. 'अर्जदार गैरहजर.'

शी!

घरी रात्री जेवायला बसले तर साध्या वरणभातातही कचकच. बायको अख्तरी शेजारीच बसली होती. तिला ऐकू गेलं.

"अजी, चावल तो मैं तीन बार धोई. ये दांतों में क्या बज रा?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

लंका मागं हटली नाही. तिनं वर अपील केलं. यंदाच्या मार्चमध्ये सुनावणी लागली. मोठ्या साहेबांनी फाईल उघडली, पंचनामा वाचला आणि चष्म्यावरून गयासभाईंकडं बघितलं.

"अर्जदार हजर, असं तुम्हीच लिहिलंय. मग मोजणी का केली नाही?"

गयासभाईंनी वाकून पाहिलं.

'गैर' या दोन अक्षरांवर अंगठा उठला होता. काळ्या मातीचा, ओला. पुढं फक्त 'हजर' उरलं होतं.

त्यांनी नखानं खरवडलं. माती निघाली नाही.

लंका टेबलाजवळ आली. त्या अंगठ्यावर वाकली.

"आजीचा हाय," ती म्हणाली. "मधी विळ्याचा काप बघा की."

साहेबांनी फाईलच्या तळाची पिवळी पडलेली ताबा पावती काढली. तिच्यावरचा अंगठा या अंगठ्याशेजारी धरला.

काप तोच होता.

फेरमोजणीचा हुकूम निघालाय. येत्या सोमवारी. मोजायला गयासभाईंनाच जायचंय आणि पुकाराही त्यांनाच करायचाय. लंका येणार आहे. पण तिच्याआधी बांधावरून कोण बोलेल, या विचारानं त्यांना झोप नाही. घास अजून कचकचतो.

भीती त्यांना त्या बाईची वाटते. मला तिची वाटत नाही. शेजारी पेन घेऊन जिवंत माणूस बसलेला असताना, एक खरा शब्द लिहायला तिला मेल्यावर यावं लागलं... मला त्याचीच शिसारी येते.