झाकणाच्या फळीचा पाट

दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली गोष्ट असती तर मी लिहिलीच नसती. दत्तूमामा माझ्या आईचे सख्खे भाऊ. सत्तरी उलटली, पण त्यांना थाप मारताना आजवर कुणी पकडलेलं नाही.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधलं हेन्डरसन उपनगर. आणि वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मामांनी हर्णैला जन्मभर होड्या बांधल्या. लेक गार्गी हेन्डरसनला फार्मासिस्ट, म्हणून सहा महिने राहायला गेले. ती सकाळी कामावर गेली की मामा आणि चार भिंती. जीव नुसता उबून जायचा.

शेजारचा ग्रॅहम भेटला नसता तर महिन्याभरातच परतले असते. बायको गेलेली, मामांच्याच वयाचा, हौशी सुतार. मामांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण रंधा हातात आला की दोघांचं छान जमायचं.

एकदा ग्रॅहमनं शेडमधून एक जुनी फळी काढून दिली.

साग. मामांनी वासावरूनच ओळखला.

ग्रॅहमच्या खापरपणजोबांच्या शिडाच्या जहाजाची ती फळी. जहाज मुंबईत बांधलेलं. तीस वर्षं त्यानं कापूस वाहिला, चहा वाहिला, म्हातारपणी कोळसा आणि लाकूड. शेवटी तिथल्याच मनुकाऊ बंदराच्या तोंडाशी वाळूवर चढलं आणि फुटलं. खापरपणजोबा त्याचे कप्तान. ते मात्र होडीतून सुखरूप किनाऱ्याला लागले.

मामांनी फळीचा पाट करायचं ठरवलं. ती उलटी केली...

आणि हात थांबला.

वरच्या बाजूला लोखंडी अडसराच्या खुणा होत्या. खालच्या बाजूला ओरखडे.

नखांचे.

"हे जहाजाच्या तळाचं झाकण होतं? खाली माणसं होती?" मामांनी विचारलं.

"खलाशी. तुमच्याच बाजूचे, बॉम्बेकडचे," ग्रॅहम म्हणाला. "होडी एकच होती. सगळे वर आले असते तर कुणीच वाचलं नसतं. म्हणून त्यानं अडसर घातला. बरोबरच केलं. हीप्स ऑफ इयर्स, ढीगभर वर्षं झाली, मेट."

आणि त्यानं चहाचा घोट घेतला.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आजोळचा एक पुरुष असाच गोऱ्यांच्या जहाजावर गेला, तो परतलाच नाही. कुठे बुडाला, कुणाला ठाऊक नाही. दर सर्वपित्रीला त्याच्या नावानं पाट मांडून एक पान जास्त वाढतात.

मामांनी पाट केला, पण ओरखड्यांवर रंधा फिरवला नाही.

अमावास्येला गार्गी कामावर गेली. मामांनी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणून खीर केली, वरणभात केला. पाट मांडला, पान वाढलं. हेन्डरसनला कावळा कुठून आणणार? अंगणात सीगल पक्ष्यांना घास ठेवला. एकही शिवला नाही.

मग मामांनी एक चूक केली. दरवर्षी ते घरच्या माणसाला बोलावतात. त्या दिवशी हात जोडून म्हणाले, "या झाकणाखाली जे राहिले, त्या सगळ्यांनी या."

पाटाखालून...

ठक.

मामा जागचे हलले नाहीत.

ठक... ठक... ठक...

मग सगळंच थांबलं. फ्रिजची घरघरसुद्धा. मामांनी पानाकडे पाहिलं तर भात पाण्यात तरंगत होता. बोट लावून चाखलं. खारट.

पाटापासून दारापर्यंत ओली पावलं उमटत गेली. अनवाणी. एक माणूस... तीन... नऊ... पुढे मामांनी मोजलं नाही. सगळी अंगण ओलांडून ग्रॅहमच्या मागच्या दाराकडे चालली होती.

मामा कुंपणापर्यंत धावले. ग्रॅहमचं दार आपोआप लागलं... आणि बाहेरून अडसर सरकल्याचा आवाज आला.

त्या दाराला बाहेरून अडसर नव्हताच.

"दत्तू!" आतून ग्रॅहम दार बडवत होता. "दत्तू, ओपन इट, प्लीज!"

मग लाकडावर नखं ओढल्याचा आवाज.

मग पाण्याची गुळगुळ.

मग काहीच नाही.

संध्याकाळी त्याची मुलगी आली तेव्हा दार उघडंच होतं. ग्रॅहम दाराशी पडलेला. गालिचा कोरडा ठणठणीत. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. नखं का तुटली होती, ते कुणी लिहिलं नाही.

हे मामांनी मला हर्णैला परतल्यावर सांगितलं, गवारीच्या शेंगा मोडता मोडता.

मी विचारलं, "मामा, तुम्ही तिथेच उभे होतात. दार फोडता आलं असतं ना?"

"आलं असतं. माझ्यासारख्या सुताराला कितीसा वेळ लागतो?"

"मग?"

"ग्रॅहम चांगला माणूस होता गं. माझा दोस्त होता." मामांनी एक शेंग मोडली. "पण त्यांना तरी कुणी झाकण उघडलं होतं?"

मी तिथून उठून आले. आजही मामांकडे जाते, जेवते, राहते. पण त्यांच्याकडे पाठ करून बसत नाही.