ओव्हनसमोरचं स्टूल

विज्ञानापुढे गूढ असं काही टिकत नाही. हे वाक्य मी ओव्हनसमोर स्टूल टाकून, करपलेला केक खरवडत बायकोला ऐकवलं. केक मात्र टिकला. सुरी आत शिरेना.

ओव्हन अधूनमधून भडकायचा. बटण एकशे ऐंशीवर असलं तरी कधी शहाण्यासारखा वागे, कधी अडीचशे ओलांडे. बायको एका कॅफेला केक पुरवते. "आणखी एक करपला तर दुसरीकडून घेईन," असं कॅफेवालीने कालच फोनवर बजावलं होतं. फोन मी घेतला होता. म्हणालो, "यंत्र ठणठणीत आहे हो, आमच्या हिचंच लक्ष नसतं." बायको शेजारीच उभी होती.

मेकॅनिक आला. थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, दाराचं रबर बदललं. आत काट्याचा तापमापक ठेवून काचेतून बघत बसला. काटा चढतच गेला.

"पार्ट संपले," तो म्हणाला. "आता माणसं बदलून बघू."

आमच्याकडे राहायला आलेले सासरे हसले. तो हसला नाही.

बायको बाहेर गेली, तरी काटा चढतच राहिला. सासरे गेले, तरी चढतच राहिला. मग मी गॅलरीत गेलो.

"उतरला," आतून आवाज आला.

आत आलो. चढला. पुन्हा गेलो. उतरला.

"जावईबापू, तुम्ही आपले गॅलरीतच शोभता," सासरे म्हणाले.

मला व्होल्टेज, ओल, हवेचा दाब असं बरंच सुचलं. आत येऊन मी समजावू लागलो. काटा तीनशेला टेकला. मेकॅनिक दोन पावलं मागे सरला.

"असू दे हो," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही काही मुद्दाम करत नाही."

मला मान वर करवेना.

काचेला तडा गेला.

त्या दिवशीचा केक मी गॅलरीत असताना झाला. सोनेरी, मऊ. रात्री कॅफेवालीचा फोन आला. "आता लक्ष देताय वाटतं?" बायको म्हणाली, "हो, देते आता." या वेळी शेजारी मी उभा होतो. ओव्हन बंद होता, तरी स्वयंपाकघर तापलं.

दुसऱ्या दिवशी काचेचं माप घ्यायला आलेल्या मेकॅनिकने, नवी काच येईपर्यंत ओव्हन लावायचा नाही, असं सांगून प्लग काढून ठेवलाय. केक मात्र रोज जातो. बायको पीठ आत सरकवते, मला स्टुलावर बसवते आणि त्या पहिल्या फोनची गोष्ट काढते.

एकशे ऐंशीला गप्प होते.