धुरातली फुली

"हा पांढरा नाही. हा आजारी पांढरा आहे," पडद्यापलीकडे कुणीतरी कुरकुरलं... अगदी माझ्या कानाशी.

मी रेशमी पडदा बाजूला सारला. "आजारी नाही, चहात बुडवलाय. राजे-महाराजांची लढाई दाखवताय ना? की शाळेचा गणवेश?"

तो कॅमेरामन. मी कापडं रंगवणारी. तलवारबाजीच्या त्या ऐतिहासिक सिनेमात प्रत्येक लढाईला आपला एक रंग. शेवटची पांढरी, तीही धुरात. तेवढीच उरली होती, आणि शूटिंगची ही शेड आज संध्याकाळी रिकामी करायची होती.

"तुमचे हात निळे कशाने?" त्याने विचारलं.

"मागच्या निळ्या लढाईत मेले मी."

"मग जपून. मेलेल्यांशी माझं फार जमतं."

हसावं की घाबरावं, कळेना. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. पडदे संथ श्वास घेतल्यासारखे फुगत होते. नायिका तलवार घेऊन एका कडेला. उरलेली सगळी चौकट रिकामी.

"ही बिचारी कोपऱ्यात का?"

"त्याला जागा लागते."

कुणाला, ते जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या फुलीने सांगितलं. कॅमेरामनचे थोरले भाऊ, सगळ्यांचे तलवारबाजीचे मास्तर, तिथे उभं राहून डाव शिकवायचे. त्यांची तलवार वर गेली की कॅमेरा फिरायचा. गेल्या महिन्यात ते घोड्यावरून पडले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून "मास्तर रजेवर आहेत" असंच सगळे म्हणत, आणि फुलीला वळसा घालून जात.

धूरही वळसा घालत होता. बरोबर एका माणसाएवढा.

"वारा असेल," मी म्हटलं.

"खिडक्या बंद आहेत."

दिग्दर्शकांनी तिसऱ्यांदा "चला" म्हटलं. कॅमेरा हलला नाही. "थांबा," तो हळूच म्हणाला, "अजून तलवार वर गेली नाही..." सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

मला राहवलं नाही. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत त्या धुरात विरघळत चालला होता. मी सरळ जाऊन फुलीवर उभी राहिले. पोटऱ्यांना गार, ओलं काहीतरी चाटून गेलं. माझा निळा हात मी वर केला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

कॅमेरा माझ्याकडे फिरला. मग...

"तू," तो म्हणाला. "तूच दिसतेस. फक्त तू." आणि डोळा न हलवता, "हलू नकोस गं... दादा गेला."