पाठमोरं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी बाग दिसायची, मग शेत, मग एकदम जंगल. घर बघायला आलो तेव्हा अनिमेष म्हणाला होता, "काय व्ह्यू आहे!" मी म्हणाले होते, "कुंपण नाहीये." पण हायडेलबर्गमधे चार महिने वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, शोधून आम्ही दमलो होतो, आणि इथून वाल्डॉर्फला त्याच्या ऑफिसपर्यंत बसनं पंचवीस मिनिटं लागायची. घेतलं.

खालच्या मजल्यावर घरमालक, हेर म्हणजे श्रीयुत डॉर्नर, एकटेच राहायचे. सत्तरी ओलांडलेले निवृत्त सुतार. शिकारीचा परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला.

ही २०१६च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सव्वासातला मी इराचा डबा भरत होते आणि शेतात तीन टर्की दिसल्या. दोन माद्या खाली मान घालून चरत होत्या, एक नर छाती काढून उभा होता. पाच मिनिटं झाली तरी कुणी हललं नाही.

"मामा, त्या खऱ्या नाहीत," इरा जर्मनमधे म्हणाली. चार वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधे. आणि किटातल्या, म्हणजे तिथल्या बालवाडीतल्या, सगळ्या मुलांसारखी आईला मामा म्हणायची. सासूबाईंना स्काइपवर ते ऐकवायचं नाही. "अगं, मामा काय मामा! भाऊ आहे का तो तुझ्या आईचा?" असं दर रविवारी व्हायचं.

त्या संध्याकाळी डॉर्नरांनी गॅरेजमधे इराला ते पक्षी दाखवले. रबराचे होते, घडी करून पिशवीत मावणारे. त्यांच्या सासऱ्यांनी कधीतरी हौसेनं जंगलात रानटर्की सोडल्या होत्या, त्यातल्या दहा-बारा अजून टिकून होत्या. वसंतात फक्त नर मारायची परवानगी.

"मग याला कशाला उभा केलाय?" मी रबरी नराकडे बोट दाखवलं.

"आल्झो," ते म्हणाले. शिकवायला मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा. "खरा नर मादीपेक्षा यालाच बघून येतो. माझ्या जागेत हा कोण, म्हणून. आणि पाठीमागून वार करत नाही. फिरून पुढे जातो, तोंड बघतो. म्हणून याचं तोंड नेहमी माझ्याकडे ठेवायचं. तो याच्यासमोर येऊन उभा राहिला की त्याची पाठ मला."

त्यांनी एक लाकडी डबी काढली, झाकण कडेला घासलं. मादीचा आवाज हुबेहूब आला. इरा खुदकन हसली.

"तीनदा," डॉर्नर म्हणाले. "फक्त तीनदा, आणि मग गप्प बसायचं. उरलेलं काम तोच करतो."

बंदुकीचं तोंड घराकडे नसतं ना, हे मी विचारून घेतलं. त्यांनी खिडकीतून दाखवलं. त्यांचं लाकडी मचाण शेताच्या उजव्या कोपऱ्यात होतं. त्यांचे पक्षी म्हणूनच आम्हाला कडेनं दिसायचे, तोंडं उजवीकडे.

वर आल्यावर अनिमेष म्हणाला, "तुला आता टर्कीचीपण काळजी का?" मी हसले. खरं तर मला सगळ्याचीच होती. इराचा खोकला मी मोजायचे. किटाच्या दारातून ती आत गेली तरी काचेपाशी थांबायचे. तिला तिथं एकही मैत्रीण नव्हती.

पुढच्या सोमवारी शेतात चार आकृत्या होत्या.

चौथी बाकीच्यांपासून लांब, डावीकडे. पिवळा रेनकोट घातलेलं एक लहान मूल, उकिडवं बसलेलं. मातीत काहीतरी बघत असावं तशी मान. पाठ आमच्याकडे. मला वाटलं गावातलं कुणाचं तरी असेल. मी डबा बंद केला, इराची वेणी घातली, पुन्हा पाहिलं. मूल तसंच होतं. धुकं जरा दाटलं आणि विरळ झालं, तेव्हा तिथं फक्त तीन टर्की होत्या.

मंगळवारी दोन मुलं होती. एक पिवळं, एक लाल. दोघं जवळजवळ, एखादा खेळ मांडल्यासारखी. पाठी आमच्याकडे.

"अनिमेष, ती मुलं बघ."

तो ब्रश तोंडात घेऊन आला. "हं. खेळतायत."

"सकाळी सव्वासातला? हलतायत का ती?"

"स्वरा, एवढ्या लांबून काय कळणार?" तो चूळ भरायला गेला. इरा मात्र खुर्चीवर चढून काचेला नाक लावून उभी होती. तिनं त्यांना हात केला. मी पडदा ओढला.

संध्याकाळी मी डॉर्नरांना विचारलं. कुंडीतली माती सारखी करत होते, त्यांचे हात थांबले.

"कुठल्या बाजूला तोंड होतं?"

"आमच्याकडे पाठ होती. म्हणजे... जंगलाकडे. सरळ."

"माझ्या मचाणाकडे नाही?"

"नाही."

त्यांनी कुंडी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी माझे पक्षी शनिवारीच आत आणले, फ्राउ जोशी. गुडघा दुखतो. या आठवड्यात मी शेतात गेलोच नाही."

आणि गॅरेजमधली पिशवी उघडून त्यांनी मला दाखवले. तिन्ही पक्षी त्यात होते. कोरडे.

मी संख्याशास्त्र शिकलेली बाई. धुकं, झोप अपुरी, एकटेपणा, सगळ्याचा हिशोब मी करून पाहिला. तरी त्या रात्रीपासून बागेचं दार कुलूप लावून ठेवलं आणि किल्ली फ्रिजवर. कारण एवढं मला कळलं होतं की आमच्या घरातून कुणीतरी बाहेर यावं म्हणून ते मांडलं जात होतं. आणि आमच्या घरात मैत्रिणींसाठी आसुसलेली एक चार वर्षांची मुलगी होती.

रविवारी सासूबाईंना मी फक्त एवढंच सांगितलं की इरा हल्ली नीट जेवत नाही. "तीट लावतेस का?" त्यांनी लगेच विचारलं.

"अहो आई, गालावर लावली तर किटातल्या बाई पुसून टाकतात. डाग समजून."

"मग कानामागे लाव. कोण बघतंय?"

माझा विश्वास नव्हता. तरी मी रोज सकाळी तिच्या डाव्या कानामागे काजळाचं बोट टेकवायला लागले. अनिमेषलाही सांगितलं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात शेतातली मुलं दोनाची तीन झाली. मग एके दिवशी काहीच नाही. पुढचे चार दिवस शेत रिकामं. मी जरा नीट झोपायला लागले.

पाचव्या दिवशी अनिमेष इराला किटात सोडून तसाच ऑफिसला गेला. पावणेनऊला मी भांडी घासायला उभी राहिले. ऊन पडलं होतं. धुकं नव्हतं.

शेताच्या मधोमध एकच मूल बसलं होतं. निळं जॅकेट. उजव्या कोपराला मी स्वतः शिवलेलं ठिगळ, लाल सुती कापडाचं. दोन वेण्या.

मी चपला घातल्या की नाही आठवत नाही. बागेचं कुलूप, फ्रिजवरची किल्ली, हे सगळं मी केलं असणार. धावता धावता मी किटात फोन लावला.

"इरा? हो, इथेच आहे," बाई म्हणाल्या. "चित्र काढतेय. बोलायचंय का?"

"हालो मामा," इरा म्हणाली. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

मी थांबले. ते मूल माझ्यापासून दहा पावलांवर होतं.

फोन अजून कानाला होता. इरा मला सांगत होती की तिनं घोडा काढलाय आणि त्याला पाच पाय झालेत. मी "हो का, बाळा," म्हणत होते. आणि माझी नजर त्या दोन वेण्यांच्या मधल्या भांगावर होती. तो भांग मी पाडला होता. सकाळी घाईत वाकडा झालेला.

डाव्या कानामागे काजळाचं बोट होतं.

मी ते खरंच लावते हे जगात फक्त मला माहीत होतं. इरा कानात बोलत होती, तरी मला वाटलं, फोनमधली खोटी असेल तर? आवाज काय, कुणाचाही काढता येतो. पण माझं बोट?

मी एक पाऊल टाकलं. मग अजून एक. "इरा," मी हळूच म्हणाले. मान वळली नाही. तोंड दिसत नव्हतं. फक्त तोंड दिसलं असतं तर झालं असतं. मी डावीकडून फिरून पुढे जायला लागले. गालाची कड दिसली. गाल तिचाच होता. फक्त त्यावर ऊन पडत असूनही त्याला रंग नव्हता.

तेव्हा जंगलातून हाक आली.

"मामा."

लहान, सुकी. जशी कुणी पाटीवर अक्षर गिरवावं तशी.

"मामा."

"मामा."

मग शांत.

पक्षीसुद्धा गप्प झाले. मी वाट बघत राहिले, चौथ्या हाकेची. ती आली नाही. आणि मला समजलं की मी कुठे निघाले होते. अजून तीन पावलं, आणि मी तिच्यासमोर असते. तिचं तोंड बघत. जंगलाकडे माझी पाठ.

ते इरासाठी मांडलेलं नव्हतंच.

मी वळले नाही. जंगलावरची नजर न काढता एकेक पाऊल मागे टाकत, ढेकळांत अडखळत, बागेपर्यंत आले. फोनमधे कुणीतरी "फ्राउ जोशी? फ्राउ जोशी?" म्हणत होतं.

डॉर्नर मागच्या दारात उभे होते. सगळं पाहिलं होतं त्यांनी.

"पुढे गेला होतात तुम्ही? समोर?"

"नाही."

"गुट," ते म्हणाले. "जा इथून. घर सोडायच्या नोटिसीचं मी बघतो. तीन महिने थांबू नका."

अनिमेषला मी पूर्ण कधीच सांगितलं नाही. अर्धं सांगितलं, त्यानं अर्धं ऐकलं, आणि माझ्या तब्येतीसाठी म्हणून जूनमधे आम्ही कार्ल्सरूहेला आलो. तिसरा मजला, चारी बाजूंनी इमारती, मधे फरसबंद अंगण. एक वाळूचा चौकोन, सायकलींचा स्टँड, दोन बाकं. झाड म्हणावं असं एकच. अनिमेष आता रोज ट्रेननं जातो-येतो, तक्रार करत नाही. इराला दोन मैत्रिणी मिळाल्या. एकदा घरी खेळायलाही आल्या. मी खोकला मोजणं सोडलं.

काल सकाळी मी पोहे करत होते. इरा शेजारच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर उभी होती. तिनं जर्मनमधे विचारलं, "मामा, तू वर कधी येणार?"

मला वाटलं, खेळतेय काहीतरी. "मी वरच आहे गं," मी म्हणाले, आणि हात पुसत तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

खाली वाळूच्या काठावर एक बाई पाठमोरी बसली होती. अंगात माझा हिरवा कुर्ता. केस माझ्यासारखे वर गुंडाळून पेन खोचलेलं.

इरानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग खाली. मग पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ.

आणि खुर्चीवरून उतरून ती माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.