मुक्या रिळातली हलगी

ऐक, आधी नुसतं ऐक, शंका मागाहून काढ. आपली मयूरी सकट आहे ना, वृत्तपट संग्रहालयातली? तिनं परवा चक्क आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, प्रयोगशाळेत नेलं. आबा एके काळी गिरणगावात कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवायचे. एकदा काय झालं, कुस्ती रंगात आली आणि प्रेक्षकांचा बांबूचा माचच कोसळला! माणसं गेली. लोक म्हणाले, सकटाच्या हलगीनं माच नाचवला. झालं! आबांनी हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. लग्नात कुठं वाजली तरी उठून जायचे.

तर त्या कुस्तीचं बातमीपटाचं रीळ मयूरीला सापडलं. पण मुकं! आवाजच नाही त्यात.

"नसेना का," तिच्या प्रमुख, डॉक्टर नाझनीन मुकादम म्हणाल्या. "आवाज वस्तूंना हलवतो. हलगीजवळची पताका प्रत्येक थापेला केसभर हलली असणार. आपलं हे कंपवाचक यंत्र वारा वजा करून तेवढं हलणं वेचतं."

आबा दचकले. "म्हंजी माझ्या शिव्याबी ऐकू येतील?"

"नाही हो आबा!" मॅडम हसल्या. "सेकंदाला चोवीसच चित्रं. बोलण्याची कंपनं त्यापेक्षा कितीतरी जलद, ती निसटतात. ताल मात्र सापडतो."

मयूरीनं रीळ लावलं खरं, पण आबांचाच दोष निघाला तर? तीच घेऊन आली होती ना त्यांना!

पडद्यावर तीन रेषा उमटल्या. वरची हलगीची, नुसती थडथडणारी. खालची माचाची, संथ, पण हेलकावे वाढत चाललेले.

"झोपाळ्यासारखं आहे हे," मॅडम म्हणाल्या. "मागे आला की नेमका तेव्हाच धक्का दिला, तर झोपाळा चढतो. भराभर चापट्या मारल्या तर जागचा हलत नाही. आबा, तुम्ही चापट्या मारत होतात. ही मधली रेषा बघा, लोकांच्या पायांची. तिची गती आणि माचाची गती एकच."

"पण पाय हलगीवरच पडत असतील तर?" मयूरीनं भीत भीत विचारलं.

"मग ते पाय इथे थांबायला हवे होते. पंच मध्ये पडले, हलगी थांबली. पाय चालूच! माच पडला तो त्यानंतर."

मग टेबलावर आबांची बोटं हळूच वाजायला लागली. मयूरी तर रडत हसत होती.

आणि तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला: 'पहिला पाय शोधू?'

"गर्दीत ताल एकापासूनच पसरतो," मॅडम म्हणाल्या. "चेहरासुद्धा दिसेल."

मयूरीचं बोट थेट बटणावर! इतक्या वर्षांचे टोमणे होते ना त्या बोटात.

"जिता असंल त्यो?" आबांनी विचारलं.

"असेलही."

"त्याला ठावं हाय, त्याच्या पायानं झालं म्हून?"

"कसं ठाऊक असणार, आबा?"

"मग ऱ्हाऊ दे की. निवांत झोपत असंल बिचारा. आज मीबी झोपतो." आबा उठलेसुद्धा. "चल पोरी, घरी. हलगी शेकाया पायजे, कातडं पार सैल पडलं असंल."

ते निघाले, गुणगुणत. मयूरीचं बोट अजून बटणावर, पडद्यावर तोच प्रश्न, आणि मॅडम तिच्याकडे बघतायत. तिनं बोट उचललं आणि धावली आबांच्या मागे.

पण खरं सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?