संवाद नसलेल्या जागी

विश्वास ठेवा, असं म्हणणार नाही. मीही आधी ठेवला नव्हता. पण हे जॉर्जियातल्या रुस्तावी शहरात, आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात घडलंय आणि माझ्या या कानांनी मी ते ऐकलंय.

माझा भाऊ रेवाझ परदेशी हॉरर पिक्चरना जॉर्जियन आवाज द्यायचा. साधेसुधे नव्हेत... माणसं सोलणारे, कापणारे. एका वेबसाइटवर ते फुकट बघायला मिळायचे. पुरुष, बाई, लहान मूल, सगळ्यांचे संवाद हा एकटाच वाचायचा. सपाट आवाजात.

शेजारच्या लामारामावशी त्याला चिडवायच्या.

"काय रे, तुझ्या पिक्चरात मरणाऱ्या बायकाही दाढीवाल्या वाटतात."

"मरतानाचं मी वाचतच नाही, मावशी. किंकाळीचा अनुवाद करावा लागत नाही."

बंद बाल्कनीला घोंगड्या लावून तो रेकॉर्डिंग करायचा. थंडीत गॅसचा हीटर पेटवून. रस्त्याचा आवाज नको म्हणून हवेची फटसुद्धा चिंध्या कोंबून बुजवलेली.

त्या फेब्रुवारीत, भर दुपारी, आई बाल्कनीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात राजमा शिजवत होती. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता.

मग थांबला.

आईला वाटलं, या जागी संवाद नसतील.

तासभर ती तसंच समजत राहिली. दार उघडलं तेव्हा हीटर चालूच होता. कोंडलेल्या हवेत रेवाझ गुदमरून गेला होता.

चाळिसाव्या दिवशी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, आम्ही त्याच्या कबरीवर वाइन ओतून आलो. घरी येताच आईनं त्याचा पिक्चर लावला. कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवणारी माझी आई... मग रोज सकाळपासून तेच.

"आई, बंद कर गं. कसं बघवतं तुला?"

"बघत नाही मी. ऐकते."

पुढच्या जानेवारीत एका रविवारी मी आईकडे गेले, तर तिनं माझं मनगट धरून मला सोफ्यावर बसवलं.

"नेस्तान, संवाद नसतात ना, तिथंही तो बोलतो."

दुपारचे चार वाजले होते. बाहेर चांगला उजेड होता. पडद्यावर तळघर. खुर्चीला बांधलेला माणूस, तोंडावर पट्टी. त्याला बोलताच येत नव्हतं.

आणि रेवाझचा आवाज आला...

"इथं गार आहे."

सपाट. कागदावरून वाचल्यासारखा.

"आई, मी भिंत वाजवत होतो. तुला ऐकू नाही आलं का?"

आई पुढे सरकली.

"बाळा, बाबा भेटले का रे तुला तिथं?"

बराच वेळ नुसती खुर्ची करकरत राहिली...

"कुणी नाही. इथं कुणीच नसतं."

मी ते तीनदा मागे नेऊन लावलं. काहीच नाही. वेबसाइटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, त्या जागी त्यानं काही रेकॉर्डच केलेलं नाही. मी फाइल तपासली."

आईनं जेवण सोडलं. डॉक्टर झाले, पाद्री येऊन प्रार्थना करून गेले. तिचं एकच पालुपद.

"तो एकटा आहे तिथं. मला जाऊ दे."

एप्रिलमध्ये ती गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, घाई होती. मी रडले, पण मनात म्हटलं, आता निदान दोघं एकत्र असतील. सहा महिने मी त्याच एका विचारावर काढले.

ऑक्टोबरमध्ये राहवलं नाही. तोच पिक्चर लावला.

तळघर. खुर्ची.

"कुणी आहे का?" रेवाझ.

आणि मग... बाईचा आवाज. थकलेला. आईचा.

"रेवाझ... कुठं आहेस रे? हाक तरी मार."

"कुणी आहे का?" तसाच, सपाट.

"रेवाझ..."

दोघंही त्याच तळघरात. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नव्हतं.

मी पडद्याला तोंड लावून म्हटलं, "आई, तो इथंच आहे. तुझ्या शेजारीच आहे."

त्यांच्या हाका चालूच राहिल्या. मग पुढचा सीन आला.

पिक्चर अजून त्या वेबसाइटवर आहे. काढून टाका असं सांगायला मी अनेकदा फोन उचलला आणि ठेवून दिला. काढला, तर ती दोघं कुठं जातील... मला माहीत नाही.